वाचकांचे प्रश्न : पाळीवरची मोटारसायकल

प्रश्न : मोबाइलवर पाहून आमच्या गावच्या पोट्ट्यांनी मामा (माजी मालगुजारी) तलावावर नीबोर्डिंग, म्हणजे बोटीमागे दोर धरून फळीवर गुडघे टेकून पाण्यावरून धावायचा खेळ, करायचं ठरवलं आहे. प्लायवूडच्या फळीवर फोम चिकटवला आहे. दोर मोटारसायकलला बांधून पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) ओढू म्हणतात. माझा पुतण्याच म्होरक्या. त्याला पोहता येतं. जाऊ देऊ का?
– एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : नका जाऊ देऊ. पण नुसतं नाही म्हणाल, तर तुम्ही लग्नाला बाहेरगावी गेलात की तो करेलच. म्हणून कारणं सांगतो.

बोट फळीला आपल्या मागे सरळ ओढते. पाळीवरची मोटारसायकल तिरपी ओढणार आणि फळी जाऊन आदळणार पाळीच्या दगडांवर, तेही ताशी 25-30 किलोमीटरनं. तेवढा वेग मोठ्या माणसाला लागतोच, नाही तर फळी पाण्यावर तरंगत धावत नाही, नांगरासारखी नाक खुपसते. शिवाय तलावात खाली काय आहे ते मासेमारी करणाऱ्या ढिवरांनाच ठाऊक : शिंगाड्याचे वेल, जाळ्यांचे खुंट. धानाला पाणी सोडलं की कुठे कुठे कमरेइतकंही पाणी उरत नाही.

मी हे एकदाच केलं, अमेरिकेत मुलीकडे, वयाच्या 58 व्या वर्षी. शाळेत पोरांना जन्मभर वज्रासन शिकवलं, म्हटलं आपल्याला काय अवघड! सुरुवात पोटावर पडून होते. कोपरं फळीवर, दोराची दांडी फळीच्या नाकाशी. बोटीनं वेग घेतला की गुडघे पुढे ओढून बसायचं आणि मगच मांड्यांवरचा पट्टा आवळायचा. हात सरळ ठेवायचे असतात. मी दांडी छातीशी ओढली, दोर सैल पडला, पुन्हा ताणला गेला तसा झटका बसला आणि मी नाकातोंडात पाणी घेऊन पालथा.

पट्टा व्हेल्क्रोचा होता. ओढला, सुटला. काठावर माझ्याकडून ते दहादा करून घेतलं होतं. तुमचा पुतण्या काय वापरणार? ट्यूबची पट्टी, गाठ मारून! पालथं पडल्यावर पाय फळीला बांधलेले असले, तर पोहता येऊन काय कामाचं?

हौसच असेल तर जिथे बोट, लाइफ जॅकेट आणि बोटीत मागे पाहत बसणारा वेगळा माणूस असेल, तिथे शिकू द्या. अंगठा वर केला की वेग वाढव, खाली केला की कमी कर, हे त्या माणसालाच दिसतं, चालवणारा पुढे पाहत असतो.

फळी मात्र फेकू नका. फोम चांगला असेल तर ढिवरदादांच्या डोंग्यात बसायला होईल.