खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या ॲपला भारतात मार्केट आहे का?

तुम्ही विचारलंय की मित्र खर्च नोंदवणारं ॲप काढतोय, भांडवल मागतोय, तर अशा ॲप्सना मार्केट आहे का. नाही. डाउनलोड करणारे ढिगाने आहेत, पैसे मोजणारं गिऱ्हाईक नाही.

मी पतसंस्थेत लेखनिक आहे, २२ वर्षं. दिवसभर किर्द-खतावणी करते आणि घरीही वही ठेवते. नोटाबंदीनंतरच्या वर्षी नवऱ्याला ती वही जुनाट वाटायला लागली आणि त्याने दोघांच्या फोनवर एक ॲप टाकलं. बँकेचे एसएमएस वाचून ते आपोआप हिशोब मांडायचं. त्या दिवाळीत भावजी-जाऊबाई आलेले, फराळाची ताटं मांडलेली, आणि याने मध्ये दोन्ही फोन ठेवून रंगीत वर्तुळं दाखवली. म्हणाला, "बघा, घरात उधळा हात कुणाचा आहे." माझ्या वर्तुळाची निम्मी फाक 'इतर खर्च'! जाऊबाईंची चकली हातातच राहिली.

आता खरं काय ते ऐका. घराचा हप्ता त्याच्या खात्यातून कापला जातो. माझा वाटा म्हणून दर महिन्याच्या २ तारखेला मी त्याच्या खात्यात १८,००० वर्ग करते. माझ्या फोनवर ॲपला दिसलं, १८,००० गेले, म्हणजे खर्च. त्याच्या फोनवर दिसलं, १८,००० आले, म्हणजे उत्पन्न. भिशीचे ३,०००सुद्धा माझ्या नावे खर्चच. आमच्याकडे शिकाऊ पोराने अशी नोंद केली तर व्यवस्थापक त्याला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, पुन्हा काढायला बसवतील. मी वही आणून सगळ्यांसमोर ओळीवर बोट ठेवलं. भावजी हसले. नवरा म्हणाला, सॉफ्टवेअरची चूक. अजूनही तेच म्हणतो. सॉफ्टवेअरने काही भावजींना बोलावून वर्तुळ दाखवलं नव्हतं.

पुढची गंमत म्हणजे जानेवारीत त्याच ॲपने मला, म्हणजे उधळ्या बाईला, कर्ज देऊ केलं!

तुमचं उत्तर इथेच आहे. जो हिशोब बघतो तो मुळात काटकसरी, तो वर्गणी कशाला भरेल? मग कंपनीकडे उरतं काय, तर तुमचा पगार कधी येतो आणि कधी संपतो याची माहिती. ती कर्ज विकणाऱ्याच्या कामाची. पुण्यातलं वॉलनट हे खर्चाचं ॲप बघा. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने ते घेतलं, पुढे त्या कंपनीचंच नाव ॲक्सिओ झालं आणि शेवटी ती ॲमेझॉनकडे गेली. बंगळुरूचं मनी व्ह्यू खर्चाच्या नोंदीपासून निघालं, मोठं झालं ते वैयक्तिक कर्जांवर. अमेरिकेतलं मिंट तर फुकट होतं आणि लाखो लोक वापरायचे. इंट्युइट या हिशोबाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये १७ कोटी डॉलरला घेतलं, मार्च २०२४ मध्ये बंद केलं आणि लोकांना आपल्याच क्रेडिट कर्मा या सेवेकडे धाडलं, जिथे कार्डं आणि कर्जं सुचवून कमाई होते. तिकडचंच वायनॅब (YNAB) हे ॲप वर्गणीवर टिकलंय, पण ती वर्षाला शंभरावर डॉलर आहे. आपल्याकडे एवढी कोण भरतो?

एसएमएसवर मित्राने विसंबू नये. गूगलने २०१८ पासून ती परवानगी कडक केली, आणि काही बँका छोट्या यूपीआय खर्चाचा एसएमएसच पाठवत नाहीत, म्हणजे चहा-वडापाव हिशोबातून गायब. सप्टेंबर २०२१ पासून अकाउंट ॲग्रीगेटर नावाची सोय आहे, तुमच्या संमतीने बँकेकडूनच माहिती मिळते. ते बरं. पण माहिती चोख आली तरी १८,००० कुणाचे हे त्यालाही कळत नाही.

हे सगळं माझ्या चष्म्यातून, हेही खरं. कर्ज विकणं पाप नाही, माझा पगार कर्जाच्या व्याजातूनच निघतो. माझी मुलगी हॉस्टेलवर ॲप वापरते, तिला उपयोग होतो. एकटीचं खातं आहे, कुणाला काही वर्ग करायचं नसतं. आणि किती गुंतवावेत हे तुमचं तुम्ही बघा, मला मित्र कसा आहे ते माहीत नाही. पण त्याला एवढं विचाराच, नवरा-बायकोत वर्ग झालेली रक्कम तुझं ॲप कशात धरतं? उत्तर देताना अडखळला तर पैसे देऊ नका.

आमचा हप्ता अजून त्याच्याच खात्यातून जातो. मी फक्त पैसे पाठवताना शेऱ्यात दर महिन्याला लिहिते, 'घराचा हप्ता, माझा वाटा'.