कटआउट उघडतो सगळ्यांचाच, नीट बंद होतो का ते बघा

प्रश्न : नमस्कार सर, माझ्या पेट्रोल गाडीला घरीच इलेक्ट्रिक कटआउट बनवून बसवायचाय. म्हणजे सायलेन्सरच्या आधी पाइपला फाटा काढायचा, त्यात बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपात फिरणाऱ्या गोल चकतीची झडप, आणि बटण दाबलं की धूर थेट बाहेर. गाडी अधूनमधून ट्रॅकवर नेतो त्यासाठीच हवंय. एका जुन्या गाडीची थ्रॉटल बॉडी पडून आहे, मोटर आयतीच आहे तिच्यात, ती लावली तर चालेल का?

उत्तर : नका लावू. बघताना अगदी तयार माल वाटतो, गोल झडप आहे, मोटर आहे, फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायची कडा आहे, पण ती इंजिनात जाणाऱ्या हवेसाठी बनलेली वस्तू आहे. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आणि आतले गिअर बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे. ट्रॅकवर गाडी दाबून चालवली की फाट्याच्या जागी धूर सहज 400-500 डिग्रीचा असतो. अ‍ॅल्युमिनियम वितळतं 660 ला हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीच ते मऊ पडायला लागतं आणि गिअर तर त्याच्याही आधी जातात. आणि दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप करंट नसताना पूर्ण मिटत नाही, स्प्रिंग तिला किंचित उघडी धरून ठेवते, गाडी रस्त्यात बंद पडू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. म्हणजे तुमचा कटआउट कायम गळका.

स्वतः बनवायचा तर सगळं लक्ष चकतीवर द्या. मी माझा पहिला बनवला तेव्हा 3 इंची पाइपात चकती इतकी नेटकी घासून बसवली होती की टेबलावर फुंकर मारली तरी पलीकडे जात नव्हती, फार खूश होतो मी. गाडीवर वीस मिनिटात जाम. झालं असं की चकती धुराच्या मधोमध असते आणि पाइपला बाहेरून वारा लागतो, त्यामुळे चकती जास्त तापते, जास्त फुगते. 304 स्टेनलेसची 76 मिलिमीटरची चकती 400 डिग्रीने तापली तर जवळपास अर्धा मिलिमीटर वाढते, पाइप तेवढा वाढत नाही. मग ती कडेला घट्ट रुतून बसते आणि मोटर नुसती घूं घूं करत राहते.

म्हणून चकती सगळीकडून अर्धा ते पाऊण मिलिमीटर सैलच ठेवा, आणि गळती थांबवायला पाइपच्या आत दोन अर्ध्या रिंगा वेल्ड करा, एक शाफ्टच्या, म्हणजे चकती ज्या दांड्यावर फिरते त्याच्या, वरच्या अर्ध्या भागात चकतीच्या पुढच्या बाजूला, दुसरी खालच्या अर्ध्यात मागच्या बाजूला. चकती फिरून या रिंगांवर टेकते, दार चौकटीला टेकतं तशी. कडेची फट मग कितीही असो, धुराला सरळ वाट राहत नाही, आणि चकती फुगली तरी अडकत नाही. या एका गोष्टीने माझं काम बदललं, खरंच सांगतो.

शाफ्ट 8 मिलिमीटरचा स्टेनलेस घ्या, बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी, कास्ट आयर्नचा, थोडा मोकळा. तेल मुरवलेले तयार बुश नकोत, तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि शाफ्ट धरतो. स्टेनलेसमध्ये स्टेनलेसही नको, एकमेकांना चिकटून खरवडतात. शाफ्ट बाहेर चांगला वीतभर काढा म्हणजे मोटर पाइपपासून लांब राहील, मध्ये पत्र्याची आड. मोटर पॉवर विंडोची उत्तम, तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे करंट बंद केला तरी झडप जिथे आहे तिथेच राहते, धुराच्या दाबाने ढकलली जात नाही.

आणि वेल्डिंग करताना फ्लँज एका जाड प्लेटला बोल्टने आवळून मगच टाके मारा, समोरासमोर, थोडं थोडं. एका दमात गोल फिरवलात तर फ्लँज बशीसारखी वाकते आणि मग कुठलीही गॅस्केट लावा, धूर निघणारच. गाडीवर वेल्ड करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड हवेतच.

प्रश्न : माझ्या कटआउटची मोटर दुसऱ्यांदा जळली. दोन्ही दिशांना चालणारा स्विच लावलाय, झडप पूर्ण उघडेपर्यंत दाबून धरतो. मोटरच कमजोर आहे का?

उत्तर : मोटर बिचारी ठीक असेल हो. झडप शेवटाला टेकली की मोटर फिरायची थांबते, पण करंट चालूच असतो, उलट अडकलेली मोटर सगळ्यात जास्त करंट खेचते, आणि ड्रायव्हिंग करताना कुणाला कळणार नेमकं कधी बोट उचलायचं. दोन मायक्रोस्विच लावा, एक उघड्या टोकाला एक बंद टोकाला, मोटरच्या वायरमध्ये सिरीजमध्ये, झडप टोकाला पोचली की स्विच दाबला जाऊन करंट तुटेल असे. मग उलट फिरायला करंट कुठून येणार? त्यासाठी प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड, तो फक्त परतीच्या दिशेचा करंट जाऊ देतो. डायोड मोटरच्या करंटला पुरेल असा जाडजूडच घ्या. स्विच मोटरच्या बाजूला बसवा, पाइपजवळ नाही.

बटणातून मोटरचा करंट नेण्यापेक्षा पाच पिनांचे दोन रिले वापरा, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटने मोटरचा मोठा करंट जोडणारे स्विच. मोटरची एकेक वायर एकेका रिलेच्या 30 नंबरला, 87 ला प्लस, 87ए ला अर्थ. काहीच दाबलेलं नसताना मोटरची दोन्ही टोकं अर्थला, एक रिले ओढला की एका बाजूला फिरते, दुसरा ओढला की उलटी, आणि चुकून दोन्ही ओढले गेले तरी दोन्हीकडे प्लसच, शॉर्ट होत नाही. फ्यूज बॅटरीजवळ, आणि रिलेला सप्लाय इग्निशनवरून.

प्रश्न : कटआउट बसवल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागतोय, अ‍ॅव्हरेजही पडलंय. झडप बंद असतानासुद्धा. असं का?

उत्तर : फाटा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी काढलाय असं दिसतंय, किंवा अगदी जवळ. धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते. झडप जरा जरी गळत असेल तर त्या ओढीने बाहेरची हवा आत येते, सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. फाटा धुराच्या वाटेत कॅटच्या (विषारी धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मागच्या सेन्सरच्याही नंतर न्या, सायलेन्सरच्या अलीकडे. कॅटच्या आधी काढला तर विषारी धूर न गाळताच बाहेर जातो, ते मला अजिबात पटत नाही आणि बहुतेक देशांत कायद्यालाही चालत नाही.

गळती बघायला एक सोपं करा, थंड गाडीच्या मागच्या नळीत व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. झडपेच्या तोंडाशी चार बुडबुडे चालतील, फ्लँजवर एकही नको. गाडी महिनाभर चालली की फ्लँजच्या कडेला काजळीची बारीक काळी रेघ दिसते का तेही बघा.

प्रश्न : याने पॉवर किती वाढेल?

उत्तर : साध्या, टर्बो नसलेल्या गाडीला फारशी नाही, आवाज मात्र भरपूर वाढेल. टर्बोला फरक जाणवतो कारण टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला की ती लवकर फिरते. इंजिनाला मागून दाब लागतोच हे मात्र चूक आहे, लागतो तो धुराचा वेग, आणि फार मोठा पाइप टाकला की तो पडतो.

प्रश्न : ट्रॅकवरून घरी येताना झडप उघडीच अडकली, मुलं मागे बसलेली, गाडीत वास यायला लागला. काय करायला हवं होतं?

उत्तर : तिथेच थांबून सगळ्यांना खाली उतरवायचं. वास येतो तो इतर गोष्टींचा, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका गेला असं नाही. तोंड गाडीच्या पोटाखालीच सोडलं असेल तर आधी ते बदला, नळी वाढवून गाडीच्या कडेच्या बाहेर काढा, पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन, टायर यांच्यापासून लांब. फाटा सरळ खाली तोंड करून ठेवू नका, धुरातलं पाणी झडपेवर साठतं आणि गंजून ती अडकते, आडवा किंवा जरासा वर कललेला ठेवा. कटआउट वापरत नसाल तरी आठवड्यातून एकदा उघडबंद करा.

आणि फ्लँजच्या मापाची एक जाड प्लेट कापून, गॅस्केट आणि तीन बोल्टसह डिकीत ठेवा. झडप रुसली तर गाडी थंड होऊ द्यायची, पुढचा तुकडा काढून ती प्लेट आवळायची, आणि मगच मुलांना परत बसवायचं.