रेस्टिकमध्ये जुने बॅकअप काढूनही डिस्कवरील जागा मोकळी का होत नाही?
रेस्टिक या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्राममध्ये आपण रोज रात्री जुने बॅकअप काढण्यासाठी फर्गेट ही आज्ञा चालवता, स्नॅपशॉटची, म्हणजे त्या त्या वेळी घेतलेल्या बॅकअपची, यादीही आखूड होते, पण डिस्कवरील जागा जराही मोकळी होत नाही, असे आपण विचारले आहे. फर्गेट केवळ स्नॅपशॉटची नोंद पुसते. त्यातील डेटाचे तुकडे इतर स्नॅपशॉटनाही लागत असू शकतात, म्हणून ते तसेच राहतात, आणि त्यांपैकी निरुपयोगी तुकडे शोधून काढण्याचे काम प्रून ही वेगळी आज्ञा करते. प्रून चालू असताना रेपॉझिटरीला, म्हणजे सारे बॅकअप साठवलेल्या जागेला, कुलूप लागते व बॅकअप घेता येत नाही, त्यामुळे मी ती आठवड्यातून एकदाच, रविवारी पहाटे चालवतो.

खरी मेख मात्र दुसरीकडे आहे. फर्गेट स्नॅपशॉटचे गट यंत्राचे नाव आणि फोल्डरचा मार्ग यांवरून पाडते. आपण संकेतस्थळाचे फोल्डर दुसरीकडे हलवले असेल, तर जुन्या मार्गाचा गट वेगळा राहतो. फर्गेटला किती दिवसांचे बॅकअप ठेवायचे ते सांगणारा कीप-डेली 7 हा पर्याय म्हणजे आजपासून मागचे 7 दिवस नव्हेत, तर त्या गटात बॅकअप असलेले शेवटचे 7 दिवस. म्हणून तिथले शेवटचे 7 बॅकअप कधीच कालबाह्य होत नाहीत. माझ्याकडे अशा गटाने कित्येक महिने जागा अडवून ठेवली होती. असे स्नॅपशॉट त्यांचा क्रमांक देऊन काढावेत, परंतु तत्पूर्वी प्रत्यक्ष काही न पुसता केवळ यादी दाखवणारा ड्राय-रन हा पर्याय लावून काय पुसले जाणार आहे, ते कृपया ओळ न ओळ वाचावे.