बदलत्या ऑफिसात एचआरवाल्याला नेमकं काय यायला हवं?

तुम्ही विचारलंय की एमबीए एचआरचं दुसरं वर्ष चालू आहे, एआय आलंय, वर्क फ्रॉम होम आलंय, मग नक्की काय शिकू? मी मुंबईत मरोळला एका मध्यम कंपनीत १२ वर्षं एचआरमध्ये आहे, त्यावरून सांगते.

आधी सॅलरी स्लिप शिका. खरंच. फेब्रुवारीत पीटी, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, २०० च्या जागी ३०० का कापला हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच आणि तुम्ही 'सिस्टीममधून तसंच येतं' म्हणालात की तो माणूस परत तुमच्याकडे येत नाही. आमच्या स्टोअरचे एक काका रिटायर होताना पीएफचा क्लेम सारखा रिजेक्ट होत होता, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन माझ्यासमोर बसले, बघितलं तर आधारवर नाव वेगळं, पीएफला वेगळं आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे पीएफमधली माहिती दुरुस्त करायचा अर्ज, भरलं, जुन्या कंपनीला फोन करकरून तारीख टाकून घेतली, तेव्हा कुठे पैसे आले. तेव्हापासून स्टोअरची पोरं राजीनामा टाकायच्या आधी माझ्याशी येऊन बोलतात. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने झालं नसतं.

कायदा तर आता नव्याने वाचावाच लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेजेसमध्येच (ज्या पगारावर ग्रॅच्युइटी मोजतात त्यात) धरायची, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हिशोब बदलला, फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, आणि माणूस सोडून गेला की त्याचा पगाराचा हिशोब दोन वर्किंग डेजमध्ये. आधी लोकांना दीड-दीड महिना लटकवून ठेवायचे, मला त्याची फार चीड यायची. पॉशचा, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, २०१३ चा कायदाही नीट वाचा, नुसतं भिंतीवर पोस्टर लावून भागत नाही.

डेटा म्हणजे काय ते पण सांगते. आमच्याकडे लेट मार्क फार वाढले होते, साहेब म्हणाले मेमो काढा. मी थांबले, एक्सेलमध्ये पिव्होट (आकडे गटागटाने मांडणारा तक्ता) लावून कोण कुठून येतं ते बघितलं तर बहुतेक बदलापूर, टिटवाळ्याची माणसं, घाटकोपरला उतरून मेट्रोच्या लाइनीत अडकणारी. त्यांना साडेदहाची वेळ दिली, प्रश्न मिटला. पिव्होट कोणालाही येतं हो, पण आकड्याच्या मागे कल्याणच्या पुढची गर्दी आहे हे ओळखता आलं पाहिजे.

एआय वापरा, जॉब डिस्क्रिप्शन लिहायला, सीव्ही चाळायला. फक्त त्याने बाजूला काढलेले सीव्ही स्वतः उघडून बघा. मला त्यात एक बाई सापडली, मुलासाठी तीन वर्षं घरी होती म्हणून मागे टाकलेली, आज आमचं अख्खं पेरोल, म्हणजे पगाराचं काम, तीच सांभाळते.

इंटर्नशिप मिळाली की रिक्रूटमेंटच्या आधी महिनाभर पेरोलला बसवा म्हणून मागून घ्या, आणि २५ तारखेपासून पुढच्या ७ तारखेपर्यंत एकही दिवस सुट्टी घेऊ नका, पगाराचं खरं काम तेव्हाच बघायला मिळतं.