सोडियम कमी, मग पाणी का तोडले?

प्रश्न : माझे सासरे (वय ७४) इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होते. दुसऱ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले आणि तपासणीत सोडियम १२२ निघाले. डॉक्टरांनी पाणी दिवसाला एक लिटरवर आणले आणि सोडियम हळूहळूच वाढवावे लागेल असे सांगितले. रक्तदाबामुळे आम्ही त्यांचे मीठ कमी केले होते. त्यामुळेच हे झाले का?

उत्तर : नाही, हा दोष स्वतःकडे घेऊ नका. सोडियमच्या आकड्यावरून शरीरात एकूण मीठ किती आहे हे कळत नाही, तर रक्तातील पाण्याच्या मानाने ते किती आहे हे कळते, आणि हे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते. फुप्फुसांना संसर्गाने सूज आली की पीयूष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक गरज नसतानाही स्रवत राहते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि सोडियम विरळ होते. कोविडच्या रुग्णांतही हे वारंवार आढळले. अशा वेळी पाणी मोजून देणे हाच उपचार असतो.

मात्र हा नियम सर्वांना लावू नये. उलट्या, जुलाब किंवा अनेक दिवसांची उपासमार झालेल्या रुग्णाच्या शरीरातून मीठ आणि पाणी दोन्ही गेलेले असतात. त्याला सलाईन द्यावे लागते आणि त्याचे पाणी तोडणे घातक ठरते. हा फरक रुग्णाची तपासणी, लघवीतील सोडियम आणि लघवीची तीव्रता पाहून ठरतो, म्हणून घरी अंदाजाने पाणी तोडू नये आणि मिठाचे पाणीही पाजू नये.

'हळूहळू' या शब्दाने आपण अस्वस्थ झालात हे समजण्यासारखे आहे, पण त्यात हलगर्जी नव्हती. सोडियम दोन दिवसांहून अधिक काळ कमी राहिले की मेंदूच्या पेशी आपल्यातील काही द्रव्ये बाहेर टाकून त्या स्थितीशी जुळवून घेतात. मग ते एकदम वाढवले तर मज्जातंतूंचे आवरण झिजून काही दिवसांनी बोलणे, गिळणे, हातपाय हलवणे अवघड होऊ शकते. त्यामुळे २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढ होऊ देत नाहीत. झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र ३ टक्क्यांचे तीव्र सलाईन देऊन पहिले काही मिलिमोल तातडीने वाढवतात.

सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. या गोळ्यांनी वृद्धांचे सोडियम उतरते, आणि आजारपणानंतर तीच गोळी पुन्हा सुरू करायची की बदलायची, हा निर्णय त्यांनीच सोडियमची फेरतपासणी करून घ्यायला हवा.