‘मॅडम, मी तोतया आहे’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं पहिल्या भेटीत बहुधा झोपेपासून सुरुवात करतात. झोप लागत नाही, डोकं जड असतं, चिडचिड होते. ही मुलगी खुर्चीत टेकता टेकताच म्हणाली, "मॅडम, मी तोतया आहे. आणि आता पकडली जाणार आहे."

वय 26. मोखाडा तालुक्यातलं गाव, आश्रमशाळा, मग इंजिनिअरिंग आणि चार वर्षं पुण्यात नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) महिन्यापूर्वी तिला टीम लीड केलं होतं. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि उजाडेपर्यंत एकच चित्र डोळ्यांसमोर राहायचं: भरल्या मीटिंगमध्ये कुणीतरी उठून विचारतंय, "ही इथे कशी?"

झोपेसाठी मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त बरंच कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं. मला मात्र तिचा तो शब्द सोडवेना.

ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. पहिल्यांदा मोठ्या पदावर गेलेले, घरात पहिल्यांदा शिकलेले, लग्नानंतर वेगळ्या घरात रुळू पाहणारे, सगळेच म्हणतात की आम्ही दुसरंच कोणीतरी असल्यासारखं वागतो. अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांमधल्या या भावनेवर लेख लिहिला. त्यांनी तिला आजार म्हटलं नव्हतं, ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’ म्हणजे फक्त एक अनुभव म्हटलं होतं. पुढे लोकांनी त्याला ‘सिंड्रोम’ जोडला, आणि आपल्याकडे त्याचं ‘तोतया’ झालं. मला हे भाषांतर घातक वाटतं.

कारण मराठीत तोतया हा साधा शब्द नाही. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत असतील ही आशा पुष्कळांना सुटली नव्हती. पत्नी पार्वतीबाई तर वाटच पाहत होत्या. त्या आशेवर एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, किल्ले गेले, आणि 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. आजही पेपरात ‘तोतया पोलीस जेरबंद’ असंच येतं. कायद्याच्या मराठीत तर तोतयेगिरीच्या शेजारीच ठकवणूक बसलेली असते. रोज सकाळी स्वतःला या शब्दानं हाक मारणाऱ्या मुलीला झोप कशी लागेल?

मी तिला विचारलं, "तू कोणाचं नाव घेतलंस? कोणाच्या जागेवर बसलीस?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकीनं सांगितलं होतं, तुझी सीट खरं तर दुसऱ्या कुणाची तरी होती."

आठ वर्षं हे वाक्य तिच्या आत बसलेलं होतं. तिचा प्रवेश राखीव जागेवरचा. ती जागा कायद्यानं तिच्यासारख्यांचीच आहे, त्यात कोणाचं काही हिरावलेलं नाही, आणि हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं. समुपदेशकानं मत देऊ नये म्हणतात. पण इथे गप्प बसणं म्हणजे ते वाक्य बोलणाऱ्या मुलीच्या बाजूनं बोलणं झालं असतं. ही भावना माणसाच्या आतूनच उगवते असं मला वाटत नाही. पुष्कळदा ती कुणीतरी पेरलेली असते.

मग तिला घरचा अभ्यास दिला. आठवडाभर, जेव्हा जेव्हा ‘मी तोतया’ वाटेल तेव्हा तो प्रसंग वहीत लिहायचा. शेजारी त्याला अधिक नेमका मराठी शब्द शोधायचा. अकरा नोंदी घेऊन ती आली.

क्लायंटशी बोलताना इंग्रजीचा सूर बदलते. इथे तिनं लिहिलं होतं ‘नक्कल’, आणि पुढे स्वतःच, ‘लहान मूल पण असंच शिकतं.’ मीटिंगमध्ये न समजलेल्या गोष्टीला मान हलवली: ‘आव आणला.’ हा खरा दोष होता, पण दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं की मिटणारा. कडू कॉफी आवडल्यासारखी प्यायले: ‘भीड.’ ऑफिसात घरची बोली लपवून पुस्तकी मराठी बोलते. इथे तिनं ‘ढोंग’ लिहून खोडलं होतं, मग ‘सोंग’ लिहिलं होतं, आणि तेही अर्धवट खोडलं होतं.

"सोंग का खोडलंस?"

"सोंग चांगलं असतं, मॅडम. आमच्याकडे बोहाड्यात बा नरसिंहाचं सोंग घ्यायचा."

जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, म्हणजे देवादिकांच्या सोंगांचा उत्सव, मी पाहिला होता. सांबळ-पिपाणीच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक मुखवटा नाचत येतो. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळा झाला. रात्री गावातल्या आज्या बाच्या पाया पडायच्या. सकाळी त्याच आज्या त्याला "काय रे, लाकडं कधी फोडतो?" म्हणून दटावायच्या. त्याला कुणी ढोंगी म्हटलं नाही.

मला वाटलं, सापडलं. मी म्हटलं, मग ऑफिसातलं तुझं बोलणंही असंच एक सोंग समजूया.

तिनं मान हलवली. "नाही. तिथं सगळ्यांना माहीत असतं, मुखवट्यामागं बा आहे. इथं माझ्यामागं कोण आहे, कोणालाच माहीत नाही."

ती बरोबर होती आणि मी घाई केली होती. तेव्हा तिनं अकरावी नोंद दाखवली. तिच्यापुढे शब्दच नव्हता. टीममध्ये तिनं सांगितलं होतं की वडिलांची शेती आहे, थोडा धंदा आहे. खरं तर दिवाळीनंतर आई-वडील भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलते.

याला मी गोड नाव दिलं नाही. ही लपवाछपवी होती, आणि तिच्या पोटातली भीती बाकीच्या दहा नोंदींपेक्षा या एकीतून जास्त येत होती. पण सगळ्या ऑफिसला सांग असंही मी म्हटलं नाही. आपल्याकडे अशा गोष्टीची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायची केव्हा हे तिनंच ठरवायचं. एवढंच विचारलं, "एखादं माणूस आहे का, ज्याला सांगितलं तर चालेल?"

पुढच्या भेटीपर्यंत तिनं खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं होतं. मैत्रिणीनं विचारलं, "थंडीत झोपतात कुठं तिथं?" आणि दोघी रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसल्या.

गेल्या भेटीत वहीत तीनच नोंदी होत्या. कॉफीसमोर लिहिलं होतं, ‘आता चहाच मागवते.’ टीममध्ये वडिलांबद्दल अजून काही बोललेली नाही, ती ओळ कोरीच आहे. होळीला मैत्रिणीला घेऊन गावी जायचं ठरतंय. बा यंदा भट्टीवरून वेळेत सुटला तर सोंग घेणार आहे.