सेकंडहँड सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर घेताना सर्वात आधी काय तपासावं?

सर्वात आधी स्पीकर टर्मिनलवरचं डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं) व्होल्टेज मोजा. ब्रँड आणि वॉट नंतर. स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अ‍ॅम्प चालू करा आणि दहा मिनिटांनी दोन्ही चॅनेलना मल्टिमीटर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टमध्ये गेलं तर तो अ‍ॅम्प तिथेच सोडा. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि प्रोटेक्शन रिले (बिघाड होताच स्पीकर तोडणारा स्विच) नसेल, तर डीसी थेट वूफरच्या कॉइलमध्ये शिरतं आणि कॉइल जळते. मी अ‍ॅम्प दुरुस्त करतो, जळालेल्या वूफरमागे हे कारण वारंवार सापडतं. व्हॉल्यूमची खरखर मात्र मनावर घेऊ नका, बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. इनपुटच्या वायरी काढूनही गुणगुण राहिली, तर फिल्टर कपॅसिटर (आतला वीजपुरवठा सपाट ठेवणारा भाग) बदलायचा खर्च धरून भाव करा. मोठ्या वॉटचा हट्ट नको: १९७८ चा एनएडी ३०२० कागदावर २० वॉटचाच, पण नेहमीच्या खोलीला छान पुरतो. फक्त, जपानी बाजारातलं मॉडेल १०० व्होल्टचं असतं. त्याला आपल्याकडे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. मागची व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.